सरांची पिवळसर पूर्णा

रविवारी नदीकाठी चित्रं काढायला जाणाऱ्यांकडे चित्रं कमी आणि किस्सेच जास्त साठतात. परभणीच्या आमच्या चौघांच्या ग्रुपचं तसंच झालंय. म्होरके म्हणजे निवृत्त ड्रॉइंग टीचर, आमचे सर.

येलदरी धरणावरचं पूर्णा नदीचं पाणी, ऑइल कलर आणि इम्प्रेशनिस्टांसारखे सुटे सुटे फटकारे, एवढंच त्यांचं वेड. त्यांच्या पूर्णेला काठच नसायचा. सगळं पिवळसर, विरघळलेलं. बघता बघता पेंग यायची. मला ती नदी खरीपेक्षा जास्त आवडायची.

*

रंगात घालायला सर घाण्यावरचं जवसाचं तेल आणायचे. एकदा स्वयंपाकघरातल्या बाटलीशी त्याची अदलाबदल झाली. करडईच्या तेलातलं चित्र काही वाळेना. सर घरभर कुरकुरत फिरू लागले.

सरांच्या बायको, आमच्या काकू, शांतपणे म्हणाल्या, "तुमी चार दिस झाले रंगाचं तेल खायलात. मी बोलले का काही?"

*

नदीकाठी नेलेल्या त्याच ओल्या चित्राजवळून मेंढरं गेली आणि लोकर चिकटली. सरांनी कॅनव्हास नाकाजवळ नेला.

"हे धुकं मी कवा काढलं? लय भारी आलंय."

मेंढरांमागचे मामा म्हणाले, "सर, लोकर हाय ती."

"आता नदीची हाय," सर म्हणाले.

*

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करा. सर ऐकेनात.

"ते डोळे पुसतील, पण माझी नदीबी पुसून जाईल. मग मी काय काढू?"

त्यांना खरंच भीती वाटत होती. आम्हालाही.

*

चित्र लांबून बघायचं म्हणून सर नेहमी मागे मागे सरकत. एका सकाळी सरकत सरकत थेट धरणाच्या पाण्यात गेले. आम्ही धावलो.

गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "हितून बरोबर दिसायलंय."

काकूंनी त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात नेलं.

*

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही पुन्हा येलदरीला गेलो. काकूही आल्या होत्या. सरांनी कॅनव्हास लावला, पाण्याकडे पाहिलं. पलीकडचा काठ, काठावरची बाभळ, बाभळीवरचे बगळे, सगळं लख्ख दिसत होतं. त्यांनी ब्रश उचललाच नाही.

मग ते काकूंकडे वळले आणि बघतच राहिले.

"तू कवा गं एवढी म्हातारी झालीस?"

काकू डबा उघडत म्हणाल्या, "तुमी नदीच बघत बसले, तवा."