वरच्या हॉलची खिडकी

कोणत्याही कमिटीत दोन वर्षं काढा, किस्से आपोआप साचतात. आमच्या सिंदीच्या वाचनालयाचे तर लॉकडाऊनमध्ये मी एकटीनंच गोळा केले. ऐकायलाही दुसरं कुणी नव्हतं!

अकरा जणांच्या कमिटीत साठीच्या आतली मी एकटी. बाकीच्यांना घरच्यांनी बाहेर पडू देणं बंद केलेलं. आणि विषय तर तातडीचा: वरचा हॉल मुलींच्या अभ्यासिकेला द्यायचा, की ज्येष्ठांच्या कॅरमला ठेवायचा? माझी मैत्रीण ज्योती न्हाणीघरात पाटावर बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. म्हणून ठराव मीच मांडला.

फोनाफोनी होऊन नियम ठरला: येता येत नसेल त्यानं सहीचं पत्र द्यावं, सचिव त्याच्या वतीनं हात वर करेल. सचिव म्हणजे मी!

*

पहिलं पत्र भाऊरावजींचं. ‘माझे मत विरोधात. विषय काय आहे ते सवडीने कळवावे.’

मी फोन केला. “विषय न वाचताच विरोध?”

“तू मांडला ना पोरी? मंग झालं!”

*

लोखंडे काका-काकू दोघंही सभासद. दोन पत्रं आली, अक्षर एकच, दोन्ही विरोधात.

संध्याकाळी काकूंचा दबक्या आवाजात फोन. “मी सही केली नाई. माह्यं मत तुह्या बाजूनं.”

“काकू, म्हणजे तुमचं मत काकांनीच देऊन टाकलं?”

“बारा वर्षं झाली त्याले. तुमचा नियम आत्ता निघाला!”

सकाळी आमच्या फाटकाला पिशवी अडकवलेली. वर वांगी, खाली काकूंचं पत्र.

*

एका आजोबांच्या पत्रात खास सूचना होती: ‘विरोध करताना टेबलावर हात आपटावा.’ ते नेहमी आपटायचे.

सभेत मी आपटला. रिकाम्या हॉलमध्ये केवढा तो आवाज! हात दुखला तो वेगळाच.

*

एकच पत्र आलं नाही. अध्यक्ष वानखेडे सरांचं. निवृत्त हेडमास्तर, वाचनालयाच्या समोरच्या घरात एकटे राहायचे. मुलगा पुण्यात अडकलेला. माझ्या प्रत्येक ठरावाला यांचा विरोध ठरलेला.

मी फोनवर भडकले. “सर, सगळ्यांनी दिलं. तुम्हीच काऊन अडून बसले?”

“पत्र पाठवाले मी काय परगावी गेलतो? चाळीस वर्षांत एक सभा चुकवली नाई. खिडकी उघडी ठेवजो.”

*

सभेच्या दिवशी अकरा खुर्च्या मांडल्या. सवयीनं. एरवी वादाच्या ऐन भरात मागच्या रुळांवरून पॅसेंजर धडधडत यायची आणि ती जाईपर्यंत सगळे गप्प बसायचे. आता गाड्याच बंद. नेहमी “काका, मला बोलू द्या!” म्हणून ओरडणारी मी, त्या दिवशी मला अडवायला कुणीच नव्हतं. दोन वाक्यांत भाषण संपलं.

“जोरानं बोल! ऐकू येऊन नाई राह्यलं!”

समोरच्या गच्चीवर सर! कोट, टोपी, मास्क.

मी खिडकीत उभी राहून पुन्हा सगळं वाचलं. मग मतदान. विरोधात पाच पत्रं. पाच वेळा माझ्याच ठरावाविरुद्ध मीच हात वर केला. बाजूनं चार पत्रं, पाचवी मी.

पाच-पाच.

सर हात मागे बांधून उभे.

“सर, तुमचं मत?”

“पोरी किती येतीन?”

“पाच-सहा.”

“रोज?”

“रोज.”

“अन् हे खिडकी? उघडी राहीन?”

“राहील सर.”

त्यांचा हात वर झाला.

मी खाली बसून इतिवृत्त लिहिलं: पत्राने नऊ, हजर दोन. ठराव मंजूर. तारीख टाकली, सही केली, खुर्च्या भिंतीला लावल्या.

खिडकी लावायला गेले, तर सरांचा हात अजून वरच होता.