भिंतीवर टांगायचा मॉनिटर

बारावीची परीक्षा संपली आणि पप्पांनी कबूल केलेला मॉनिटर घ्यायची वेळ आली. दोन वर्षं नुसते क्लासेस आणि टेस्ट. टीव्ही घरात येऊच दिला नव्हता. आता एकाच स्क्रीनवर कॉम्प्युटरही चालणार होता आणि सेट-टॉप बॉक्स लावून एचडीतले सिनेमेही. मला मोठा हवा होता, पलंगासमोर भिंतीवर टांगलेला. पण पप्पांना भिंत म्हटलं की घाम फुटतो!

पप्पा म्हणजे राघवेंद्र सर. लातुरात भूगोल शिकवतात, पण भूकंपाचा धडा आला की दुसऱ्या सरांना वर्गावर पाठवतात. आमच्या घरात भिंतीवर साधं कॅलेंडर नाही. रात्री दाराला कडी नाही. झोपताना पालथ्या पेल्यावर दुसरा पेला ठेवतात, जमीन हलली की वाजावा म्हणून. मांजरानं पाडला तरी आम्ही सगळे अंगणात! लई वैताग यायचा मला.

दुकानाचे मालक सिद्धलिंगकाका समजावून सांगत होते, "ताई, बाजूनं बघा, रंग उडत न्हाईत. फुल एचडी हाय, घरी पलंगावर पडून बघा."

"वजन किती? टांगला आन् निसटला तर?" पप्पांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता त्यांचा.

"अहो पप्पा, भूकंप माझ्या जन्माच्या आधीचा! किती दिवस भिऊन राहणार?" मी सगळ्यांदेखत म्हणाले.

पप्पा दाराकडं सरकले. काकांनी मोठे स्पीकर जोडून एक मारामारीचा सिनेमा लावला. पडद्यावर इमारत कोसळली, खालून घरघर आली, काउंटरची काच थडथड वाजायला लागली. पप्पा एका उडीत रस्त्यावर! त्यांच्यामागं दोन वयस्कर बायाही पिशव्या टाकून पळाल्या.

"अवो सर, सिनेमा हाय!" काका ओरडले. मी पोट धरून हसत होते.

पप्पांनी रस्त्यावर इकडेतिकडे बघितलं. मी दिसले नाही. मग त्यांनी दुकानाकडं बघितलं, डोक्यावर हात धरले आणि आत शिरले. पायरीला ठेचकाळले, मला खाली पाडलं आणि माझ्यावर पालथे पडले. त्यांची छाती माझ्या पाठीवर धडधडत होती.

"गोदे, भिऊ नको! आलो बघ! या बारीला आलो!"

गोदावरी ही त्यांची धाकटी बहीण. ती भूकंपात गेली, एवढंच मला ठाऊक होतं. पप्पा तेव्हा बाहेर पळाले होते आणि परत आत गेले नव्हते, हे मला त्या फरशीवर कळलं.

"काका, आवाज बंद करा आधी!" मी खालूनच ओरडले. "आणि तो टेबलावर ठेवायचा लहान मॉनिटर द्या."