म्हसा यात्रेकडे, थांबत थांबत

शहापूरहून सकाळी आठला निघालो, तेव्हा मामा नेहमीसारखे मागे न बसता माझ्या शेजारी बसले. त्यांना रस्ता लवकर संपायला हवा होता. मुलं वाशिंदच्या कारखान्यात लागली, शेती कमी झाली, म्हणून पंधरवड्यापूर्वी त्यांनी जोडीतला एक बैल व्यापाऱ्याला विकला होता. तेव्हापासून घरी उरलेला दुसरा वैरणीला तोंड लावीना. तो व्यापारी आज म्हसा यात्रेच्या बाजारात उभा राहणार होता, आणि मामांना आपला बैल परत आणायचा होता. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नुकतीच जुनी गाडी घेतली होती आणि ती मिरवायची मला भारी हौस. मीच म्हणालो होतो की मी नेतो.

किन्हवलीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि चालता चालता बंद पडली. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, तर शहाण्यासारखी सुरू झाली. किन्हवलीतल्या मेस्त्रीने कार्बोरेटर उघडून फुंकला, प्लग घासले आणि मुरबाडपर्यंत काळजी नको असं सांगितलं. तोवर मामींनी बांधून दिलेली तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण मी खाऊन घेतलं. मामांनी हात लावला नाही.

सात-आठ किलोमीटरवर गाडी पुन्हा थांबली. थोडा वेळ गेला की सुरू व्हायची, तेवढंच अंतर धावायची, की बंद. या नेमाचं मला मोठं कुतूहल वाटू लागलं. मी वहीत किलोमीटर टिपत होतो आणि मामा बांधावर बसून रस्त्याकडे बघत होते. भात निघालेल्या शेतांत वाल हिरवागार होता.

अशीच ती सरळगावच्या अलीकडे एका रेशन दुकानासमोर थांबली. तिथे रॉकेलची रांग होती. पिंपाच्या तोटीतली धार बारीक होत होत थांबली, तशी दुकानातल्या बाईंनी पिंपाच्या माथ्यावरचं बूच सैल केलं, आणि धार पुन्हा जाड झाली. मी कारण विचारलं.

"वरनं वारा शिरल्याबिगर खालनं रॉकेल येत नाय, दादा."

मी तसाच गाडीकडे गेलो आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. पेट्रोलच्या वासाने बायकोला मळमळायचं, म्हणून आठवड्यापूर्वी मीच ट्यूबच्या रबराची चकती कापून झाकणाच्या आत घट्ट बसवली होती आणि घरात शाबासकीही घेतली होती. टाकीत हवा जायचं बारीक भोक मी स्वतःच्या हाताने बुजवलं होतं. चकती काढून खिशात घातली. मामांनी काय होतं विचारलं, तर कचरा अडकला होता म्हणालो. त्यानंतर गाडी एकदाही थांबली नाही.

म्हशाच्या माळावर धूळ, घोंगड्यांचे ढीग, बैलांच्या रांगा, आणि मागे सिद्धगड. मामांनी आपला बैल लांबूनच ओळखला, झपाझप निघाले आणि दहा पावलांवर उभे राहिले. बैलाच्या गळ्यात नवं दावं (बांधायची दोरी) होतं. इकडे विकणारा आपलं दावं सोडून घेतो आणि घेणारा स्वतःचं बांधतो. ते चढलं की सौदा मोडत नाहीत. धसईच्या एका शेतकऱ्याने अर्ध्या तासापूर्वीच ते बांधलं होतं.

विचारून तर बघू, असं मी म्हणालो.

"नाय. दावं चढलं. आता शब्द काढायचा नाय."

तरी मामा बैलाजवळ गेले, त्याच्या वशिंडावर हात फिरवला आणि त्या शेतकऱ्याशी बोलत राहिले. त्याला अजून एक बैल हवा होता. याच्या तोडीचा मिळत नव्हता.

"याची जोड माझ्या गोठ्यात हाय," ते म्हणाले. "उद्या येऊन घेऊन जा."

परतताना मला राहवेना. गाडी बाजूला घेतली, चकती त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"अर्धा तास आधी पोचलो असतो, तर दोघं माझ्याकडं असते," ते म्हणाले. मग चकती मला परत दिली. "आता निदान दोघं संगं तरी ऱ्हातील. चल."

कोडं सुटलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, याची आज लाज वाटते. दिवस मावळताना घरी पोचलो. मामी जेवायला हाका मारत होत्या. मामा गोठ्यात होते, उद्या जायच्या बैलाला हाताने वैरणीची एकेक काडी भरवायचा प्रयत्न करत.