दगडाला विचारून आलेला ऑर्विस

"मी दगडाला विचारून आलोय."

ऑर्विस प्रुइटशी कुणी वाद घातला की तो एवढंच म्हणायचा. म्हणायचा, टोपी मागं सरकवायचा, आणि समोरचा गप्प व्हायचा. दगडाची उलटतपासणी घेण्याची सोय टेनेसीतल्या कुठल्याच कोर्टात नव्हती.

आमचं गाव पिकेट्स बेंड. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात इथं चाळीस मिनिटांची लढाई झाली. मोठ्या पुस्तकांत तिला पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, दीड ओळ मिळालीय. गावात मात्र तिच्यासाठी दोन पुतळे, एक तोफ आणि दरवर्षी मे महिन्यात तीन तासांची भाषणं आहेत. तोफ त्या लढाईतली नाही, दुसऱ्या गावानं नको म्हणून दिलेली आहे. पण तोंड उत्तरेकडे, शत्रूच्या दिशेला, करून ठेवल्यावर ती आमचीच वाटू लागली.

आणि एक फोटो आहे. लढाईनंतर तिसऱ्या दिवशी एक फिरता फोटोवाला घोडागाडीत काचा आणि औषधं घालून आला, आणि ओल्या काचेवर त्यानं एकच चित्र धरलं. एका मोठ्या दगडाला टेकून पडलेला शिपाई. तोंड उघडं, कोट गळ्यापर्यंत बंद, एका पायात बूट नाही. डाव्या हाताला ओढा, मागं टेकडी. दगड बसलेल्या गाईसारखा: पाठ सपाट, एका टोकाला मान वर काढलेली, पोटावरून गेलेली एक चीर.

फोटोत रंग नसतो, त्यामुळे शिपाई कुठल्या बाजूचा ते कळत नाही. ते आम्ही ठरवलं. म्हणजे हॅकलरोड घराण्यानं ठरवलं. त्यांचा एक पणजोबाचा भाऊ होता, टॉलिव्हर नावाचा. तो लढाईच्या पहिल्याच आवाजाला जो पळाला तो टेक्सासात जाऊन थांबला, असं म्हातारी माणसं हळू आवाजात सांगायची. घराण्याला तो टेक्सासात जिवंत असण्यापेक्षा दगडापाशी मेलेला बरा वाटला. तेव्हापासून फोटोतला माणूस टॉलिव्हर हॅकलरोड.

पण दगड सापडत नव्हता. तो शोधून काढला ऑर्विसनं.

ऑर्विस शाळेची बस चालवायचा. शिक्षण बेताचं, नजर घारीची. सुट्टी लागली की फोटोची प्रत हातात धरून तो ओढ्याकाठी उन्हातान्हात हिंडायचा, एक डोळा मिटायचा, दोन पावलं मागं, एक पाऊल बाजूला. तीन उन्हाळे असे काढल्यावर मिलरच्या कुरणात त्याला दगड सापडला. ओढा डाव्या हाताला, टेकडी मागं. गाईची पाठ होती. मान नव्हती.

"मान तोफगोळ्यानं उडाली," ऑर्विस म्हणाला.

फोटो लढाईनंतरचा. मान लढाईत उडाली असेल तर फोटोत ती कुठून आली, हे कुणीही विचारलं नाही. मीही नाही. चीरही नव्हती. ती म्हणे हिवाळ्यांनी बुजवली. आम्ही माना डोलावल्या. गावाला दगड हवा होता, आणि दगड मिळाला होता.

त्यावर पितळी पाटी बसली. मे महिन्यात पांढऱ्या कपड्यातल्या बायका तिथं फुलांचं चक्र ठेवू लागल्या. ऑर्विसला गावानं दक्षिणेच्या शिपायांची असायची तशी राखाडी टोपी दिली, तिच्यावर पितळेचं पान. ती टोपी घालून एकतीस वर्षं तो पाहुण्यांना दगड दाखवत राहिला. शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, "हात लावा. अजून गार लागतो." ऑगस्टात हात लावणाऱ्यांचे तळवे भाजायचे, पण तेही मान डोलवायचे. टॉलिव्हरच्या मरणाचं वर्णन करताना दरवर्षी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि दरवर्षी टॉलिव्हरला मरायला थोडा जास्त वेळ लागायचा.

मग गावाला बसतळ हवं झालं. पाहुण्यांच्या मोठ्या बसगाड्या येतात, त्या उभ्या करायच्या कुठं? काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, अध्यक्ष वॉरेन हॅकलरोड. त्यानं बोट ठेवलं ओढ्यापलीकडच्या जमिनीवर. तिथं काळ्या लोकांचं माउंट निबो चर्च आहे. चर्चची इमारत त्यांची. पण मागचं आवार, ओक झाडांखालचं, गुलामी सुटल्यापासून तेच वापरत आले तरी कागदावर कुणाचंच नव्हतं. म्हणजे काउंटीचं. झाडं तोडायची, खडक सुरुंगानं उडवायचे, डांबर ओतायचं. राज्याकडून परवानगी यायला एका दाखल्याची गरज होती: या जागेत ऐतिहासिक असं काही नाही. असा दाखला द्यायला गावात एकच माणूस. ऑर्विसनं टोपी मागं सरकवून सही ठोकली. त्या आवारात त्यानं जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं.

मोजणी राहिली होती. ऑर्विस मला म्हणाला, "रविवारी जाऊ. सगळे प्रार्थनेला आत असतील, कुणी आडवं येणार नाही. तू फक्त फितीचं टोक धर."

गेलो. नेमका तो त्यांचा माहेरचा रविवार निघाला. वर्षातून एकदा शिकागो, डेट्रॉइट कुठून कुठून लेकी-लेक परत येतात आणि सगळे मिळून आवारात जेवतात. दीडशे माणसं, पंखे, टोप्या, हसणं. आणि आम्ही दोघं, हातात मोजायची फीत.

ओकच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर लुवेनिया गेदर्स बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. चर्चमध्ये त्यांच्या आधी कुणी पहिला घास घेत नसे.

"या, मिस्टर ऑर्विस," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी ओढा ओलांडून आली म्हणायची. माझी पोरं सहा वर्षं ओढ्याच्या अलीकडे उभं राहून शाळेच्या बसची वाट बघायची, तेव्हा नाही आली."

ऑर्विसनं टोपी काढली. "तेव्हा नियम तसा होता, मिस लुवेनिया."

"नियमच तो. जेवून घ्या. रिकाम्या पोटी जमीन घेऊ नये, पचत नाही."

दोघांच्या हातांत ताटल्या आल्या. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. ऑर्विसला संकोच झाला की तो इतिहास सांगायचा. खिशातून त्यानं टॉलिव्हरच्या फोटोचं पोस्टकार्ड काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. या शूराच्या दर्शनाला लोक किती लांबून येतात, बस का लागते, हे त्याला समजावून सांगायचं होतं.

बाईंनी चष्मा चढवला. कार्ड जवळ नेलं, लांब नेलं.

"यानं बायकोचा कोट का घातलाय?"

"काय?"

"बायकी कोट आहे हा. मी शर्टाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काजं पाडलीत, मिस्टर ऑर्विस. बाप्याच्या कपड्याला डाव्या पट्टीवर काज, उजवीवर बटण. ह्याचं उलटं आहे. एक तर तुमचा शूर बायकोच्या कपड्यात लपून पळत होता, नाहीतर फोटो उलटा छापलाय."

आजूबाजूला हशा पिकला. ऑर्विस हसला नाही. त्याला काचेचं माहीत होतं. काच पालथी पडली की छापताना डावं उजवीकडे जातं. हजार पाहुण्यांना त्यानं स्वतः हे सांगितलं होतं, इतर गावांच्या चुका दाखवताना.

बाईंनी कार्ड परत दिलं आणि पर्समधून पावडरच्या डबीचा छोटा आरसा काढून उघडा धरला. "घ्या. त्याला नीट कपडे घाला."

ऑर्विसनं कार्ड आरशासमोर धरलं. आता ओढा उजव्या हाताला गेला. मग त्यानं मान वर केली, आणि त्याच्या हातातली ताटली कलंडली. पुडिंग बुटावर सांडलं, ते त्याला कळलंही नाही.

कारण ओढा आमच्या उजव्या हाताला होता. टेकडी मागं होती. आणि समोर, शंभर वर्षांहून जास्त काळ ज्याला ते लोक जेवणाचा दगड म्हणतात, ज्याच्या सपाट पाठीवर पांढरी चादर घालून कोंबडीच्या पराती मांडल्या होत्या, ती गाय बसली होती. मान शाबूत. पोटावरची चीर शाबूत. एका बाईनं त्या चिरेत कागदी हातपुसण्यांची चळत खोचून ठेवली होती.

आम्ही एकतीस वर्षं भलत्या दगडाला फुलं वाहिली होती, आणि खऱ्या दगडावर लोक जेवत होते. मला विचाराल तर दोघांत जास्त मान कुठल्या दगडाला मिळाला, हे सांगणं अवघड नाही.

"सापडला का हो तुमचा माणूस?" लुवेनियाबाईंनी विचारलं.

ऑर्विसनं कार्ड खिशात घातलं. मग म्हणाला, "मिस लुवेनिया, हा फोटोतला दगड आहे हे गावाला कळलं तर ते सुरुंग लावणार नाहीत."

"मग काय लावतील?"

ऑर्विसनं ओढ्यापलीकडे पाहिलं. पुतळे, तोफ, पाटी. "कुंपण," तो म्हणाला.

"आणि आम्ही?"

"तिकीट काढून."

बाईंनी आरसा मिटला. "म्हणजे बोललात तरी जागा गेली, नाही बोललात तरी गेली. बघा बाई. एवढं वाचता तुम्ही, काहीतरी काढा डोक्यातून."

गुरुवारी दुपारी कोर्टाच्या इमारतीत काउंटीची सभा भरली. वॉरेन हॅकलरोडनं परवानगीच्या अर्जाचा कागद पुढं ओढला, तोच ऑर्विस उठला.

"माझा दाखला परत द्या."

"का रे बाबा?"

"मिलरच्या कुरणातला दगड तो नाही. फोटो उलटा छापलाय. कोटाची बटणं बघा."

सभेत कार्डं फिरली. प्रत्येकानं आधी फोटोतली बटणं पाहिली, मग खाली मान घालून स्वतःची. वॉरेनचा चेहरा उतरला. पणजोबाचा भाऊ पुन्हा टेक्सासच्या रस्त्याला लागलेला त्याला दिसला असावा.

"बस खाली, ऑर्विस. एकतीस वर्षं तूच सांगितलंस ना, दगडाला विचारून आलोय म्हणून?"

"दगड काही बोलला नव्हता. मीच बोलत होतो."

हसण्याची लाट उठली. मागून कुणी ओरडलं, "आणि मान? तोफगोळ्यानं उडालेली?"

"तीही मीच उडवली."

वॉरेन पुढं झुकला. तो मूर्ख नव्हता. "बरं. मग खरा दगड कुठंय?"

मी जमिनीकडे पाहत राहिलो. त्या फितीचं टोक धरलेला हात मी खिशात घातला. चर्चच्या आवाराचे कागद आता चर्चच्या नावावर झालेत म्हणून आज हे सांगतोय. त्या दिवशी माझ्याही तोंडातून शब्द फुटला नसता.

"मला माहीत नाही," ऑर्विस म्हणाला.

हे शब्द त्याच्या तोंडून गावानं कधीच ऐकले नव्हते. बसच्या रस्त्याबद्दलही नाही.

"अंदाज तरी?"

"माझ्या अंदाजाला पाटी लावून बघितलीत की तुम्ही. अलीकडे असेल, पलीकडे असेल. म्हणून पलीकडे काही नाही, असा दाखला मी देऊ शकत नाही. आणि काही आहे, असाही देऊ शकत नाही. राज्याला लिहून कळवा, प्रुइट म्हणतो की प्रुइटचा शब्द धरू नका."

मग बसतळाला परवानगी द्यायला किंवा कुठल्याच दगडावर पैसा घालायला राज्य तयार होणार नव्हतं, हे सभेतल्या शेवटच्या माणसालाही कळलं. वॉरेन कागदावर हात आपटत म्हणाला, "म्हातारपणी स्वतःचं हसं करून घेतलंस, ऑर्विस. तुझं नाव पाटीवर आहे!"

"ते काढा," ऑर्विस म्हणाला. "दगडाला हलकं वाटेल."

त्यानं राखाडी टोपी टेबलावर ठेवली, पितळी पान वर करून. दाखला उचलला, चार घड्या घातल्या, खिशात टाकला आणि बाहेर पडला.

आम्ही सगळे कोर्टाच्या पायऱ्यांवर आलो. कुणी अजून हसत होतं. टोपीशिवाय त्याचं डोकं केवढंसं दिसत होतं, वरचा पांढरा भाग उन्हात कधी आलाच नव्हता. मिलरच्या कुरणाशी तो थांबला नाही. खाली उतरला, ओढ्यावरच्या लाकडी साकवावर आला, एका हातानं कठडा धरत, सावकाश, पलीकडे निघाला. वॉरेन हॅकलरोड पायऱ्यांवरून त्याच्याकडे पाहत होता, आणि टेबलावरून उचललेली त्याची टोपी हातात घेऊन मी. पलीकडच्या काठावर, ओकखाली, लुवेनियाबाई खुर्चीत बसून पाहत होत्या. शेजारी त्यांनी दुसरी खुर्ची उघडून ठेवली होती.