वर्डमधलं आत्मचरित्र

मार्गासनीचे माजी सरपंच कुंडलिकराव यांचं आत्मचरित्र नसरापूरच्या शुभांगीनं आपल्या दुकानात टाइप करून दिलं आणि बिचारीच्या मागं साडेसातीच लागली. निवडणूक आली की स्वारी दुकानात हजर! गावचा पूल ज्यानं आणला तो नेता दरवेळी बदलायचा. बांधावरून भांडलेला सख्खा भाऊ तर पानोपानी पुसून काढला.

शेवटी वैतागून ती म्हणाली, "तात्या, आता ईबुक करू. लोक मोबाईलवर वाचतील."

"मग नंतर बदल करता यील?"

"एकदा लोकांच्या मोबाईलात गेलं की न्हाई."

"मग वर्डमधीच राहू दे. चरित्र कसं, काळासंगं चालाय पायजे!"

त्यांच्या पत्नी रतनबाई इतका वेळ बाकावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, माझं पान तेवढं ईबुकात टाक. ह्यांचा काय भरवसा न्हाई."