टेलरकाकूंचा दुहेरी प्रचार

टेलरकाकूंनी आयुष्यात कधी भाषण ठोकलं नाही. दुमड सोडणं, कंबर आत घेणं, चेन बदलणं आणि कुणाचं माप सहा महिन्यांत किती सुटलंय ते पाहून न पाहिल्यासारखं करणं, हे त्यांचं काम. तरी आख्खी गल्ली त्यांना 'हरणाऱ्या पक्षाच्या काकू' म्हणून ओळखायची.

हे त्यांच्याकडे नवऱ्याकडून आलं होतं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. दिवसा काचेच्या नळ्या धुवायचा आणि संध्याकाळी पक्षाचं काम करायचा. त्या मतदारसंघात पलीकडचा पक्ष सलग नऊ वेळा निवडून आलेला. त्यांचा उमेदवार प्रचाराला आला नाही तरी चालायचं, आणि बहुतेक वेळा तो यायचाच नाही. नवऱ्याला त्याचं काही वाटायचं नाही. "आपण आहोत एवढं तरी लोकांना कळू दे," म्हणायचा.

पाच वर्षांपूर्वी, मागच्या निवडणुकीच्या तोंडावर, तो गेला. पक्षाच्या कार्यालयातून दोन माणसं भेटायला आली, घटकाभर बसली आणि उठताना पत्रकांचा गठ्ठा मशीनवर ठेवून गेली. "आता तुम्हीच बघा, वहिनी." तुम्हाला काय वाटतं, असं कुणी काकूंना विचारलं नाही. त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. गठ्ठा होता, वाटायला हवा होता, म्हणून त्यांनी तो वाटला. त्या निवडणुकीत त्यांच्या केंद्रावर पक्षाला एकसष्ट मतं पडली. लेकीने फोनवर विचारलं, "आई, ते उभे तरी कशाला राहतात गं?" काकू म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

यंदा पुन्हा सार्वत्रिक निवडणूक लागली आणि मतदानाच्या बारा दिवस आधी समोरचे औषधवाले दुकानातल्या शिडीवरून पडले. घोटा मोडला.

औषधवाले म्हणजे जिंकणाऱ्या पक्षाचा या गल्लीतला माणूस. काकूंच्या नवऱ्याशी त्यांनी तीस वर्षं वाद घातला, रोज, दुकानाच्या पायरीवर बसून. एकाचंही मत तसूभर हललं नाही आणि मैत्रीही नाही. काकू त्यांना बघायला गेल्या तेव्हा ते पाय उशीवर ठेवून मागच्या खोलीत पडले होते. बायको पुढे दुकान सांभाळत होती.

"वहिनी, एक काम होतं," ते चाचरत म्हणाले. "कसं सांगू तेच कळत नाही."

"सांगा की, भावजी."

त्यांनी खाटेखालून एक खोकं ओढलं. आत मतदारांच्या चिठ्ठ्या. नाव, क्रमांक, कुठल्या केंद्रावर जायचं, बस्स. "वरून निरोप आहे, यंदा गाजावाजा करायचा नाही. जागा हमखास आपली आहे. आवाज केला तर उगाच समोरच्यांचे लोक जागे होतात. नुसत्या चिठ्ठ्या गुपचूप दारात द्यायच्या. पण माझा हा असा पाय. आणि कुठल्या दारात कोण राहतं हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"पण मी तर तुमच्या विरुद्ध..."

"चिठ्ठीवर चिन्ह नाही, काही नाही. माणसाला त्याचं केंद्र सांगणं हा काय प्रचार झाला?"

काकू बुचकळ्यात पडल्या. नवरा असता तर काय म्हणाला असता? एकदा वाटलं, भडकला असता. मग वाटलं, खोकं उचलून आधी तोच निघाला असता. तीस वर्षं संसार करूनही हे नक्की सांगता येऊ नये, याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं. त्यांनी खोकं घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तयार झालेले कपडे पोचवता पोचवता त्यांनी चिठ्ठ्या वाटायला घेतल्या. एका हातावर इस्त्रीची पँट, दुसऱ्या हातात चिठ्ठी. पक्षाची पत्रकं नंतर वेगळी वाटायची, दोन्हींची सरमिसळ नको, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पन्नासेक घरं झाली. मग निवृत्त भूगोलाच्या बाईंनी चिठ्ठी घेतली, उलटली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"काय हो, पक्ष बदललात?"

"नाही! का?"

बाईंनी चिठ्ठीची मागची बाजू पुढे केली. बारीक निळ्या अक्षरांत छापलं होतं : 'आपला जुना विश्वास, आपला जुना प्रतिनिधी.'

काकूंची कानशिलं तापली. सुईत दोरा ओवणारी आपण, आणि हे दिसलं नाही? त्या तशाच तरातरा औषधवाल्यांकडे गेल्या.

"भावजी, मागे काय छापलंय हे?"

औषधवाल्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. "अरेच्चा! आईशपथ वहिनी, मी बघितलंच नाही. मागे कोण बघतं?"

"तुम्ही औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता!"

"ती चष्मा लावून वाचतो."

त्यांचा चेहरा पडला होता. खरंच माहीत नव्हतं की पकडले गेले म्हणून पडला होता, काकूंना कळेना. बायको दाराशी येऊन म्हणाली, "खोटं नसतील बोलत. एवढं सुचत नाही त्यांना."

घरी येऊन काकूंनी मशीनवर बसायचा प्रयत्न केला, पण टाके वाकडे पडायला लागले. चिठ्ठ्या परत मागायच्या? दिलेली चिठ्ठी परत मागितली तर लोक हसतील, शिवाय म्हाताऱ्या माणसांना केंद्र कळायचं नाही. उरलेल्या फेकायच्या? मग गल्लीतल्या निम्म्या लोकांना माहिती आणि निम्म्यांना नाही. शेवटी त्या उठल्या. उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या वाटून टाकल्या आणि दोन दिवसांनी पहिल्या दारापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी स्वतःच्या पक्षाची पत्रकं घेऊन.

"परवा दिलं ते त्यांचं होतं, हे आमचं आहे," त्या प्रत्येक दारात सांगायच्या. "दोन्ही बघा आणि जे पटेल ते करा."

असा प्रचार कुणी पाहिला नव्हता. केस कापणारा हसून हसून खुर्चीला टेकला. कोपऱ्यावरचे एकटे राहणारे आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी काकूंना आत बोलावून खुर्ची दिली. "चाळीस वर्षांत कुणी दोनदा आलं नाही. तसे एकदाही येत नाहीत. कशाला येतील? कोण येणार ते ठरलेलंच असतं." मग पत्रक पुढे धरून त्यांनी विचारलं, "या तिसऱ्या कलमात पाण्याचं लिहिलंय. म्हणजे नेमकं काय करणार तुम्ही?"

काकूंनी पत्रक हातात घेतलं. दोन निवडणुका त्यांनी ही पत्रकं वाटली होती आणि तिसरं कलम आज पहिल्यांदा वाचत होत्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. सांगताना लाज वाटली, आणि सांगून झाल्यावर जरा हलकंही वाटलं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या उभ्या राहिल्या. आजवर इथे त्यांना अर्धं मिनिट लागायचं. आज यंत्रावर सहा नावं दिसली, आणि सहाही वाचावीशी वाटली. दोन नावं तर त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. आडोशाबाहेरून अधिकारी म्हणाला, "काकू, झालं का? रांग आहे मागे."

"झालं, झालं," म्हणत त्यांनी नेहमीच्याच नावासमोरचं बटण दाबलं. बरोबर केलं की सवयीनं केलं, ते बाहेर येईपर्यंत उमगलं नाही. घरी पोचेपर्यंतही नाही.

निकालात जिंकायचे तेच जिंकले, दहाव्यांदा. पण काकूंच्या केंद्रावर मतदान कधी नव्हे इतकं झालं होतं. त्यांच्या पक्षाला एकशे त्रेचाळीस मतं पडली, आणि जिंकणाऱ्यांचीही तिथे दीडशेने वाढली. औषधवाल्यांना वरून शाबासकीचा फोन आला. काकूंनाही आला.

"तुम्ही काय जादू केलीत?" कार्यालयातला माणूस विचारत होता. "पुढच्या वेळी आजूबाजूच्या तीन गल्ल्या तुमच्याकडे देतो."

"मी दोन्हीकडचं वाटलं हो."

"हा हा, मस्त बोलता तुम्ही!" तो म्हणाला.

त्या दुकानात गेल्या. औषधवाले आता काठी टेकत गल्ल्याशी बसायला लागले होते. "भावजी, हे कशामुळे झालं असेल?"

"मी तीच डोकेफोड करतोय," ते म्हणाले. "तुमच्यामुळे आमची वाढली म्हणावं, तर तुमचीही वाढली. आमच्या लोकांना मी काय सांगू? हरणाऱ्यांच्या बाईने आमचा प्रचार केला म्हणून?" मग म्हणाले, "तो असता तर आज तीन तास भांडलो असतो."

"ती चिठ्ठी," काकू म्हणाल्या. "खरंच बघितली नव्हती?"

औषधवाल्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बघितली असती तर तुम्हाला दिली असती की नाही, हे मलाच सांगता येत नाही, वहिनी."

हे उत्तर काकूंना पटलं की नाही, तेही त्यांना ठरवता आलं नाही. त्या घरी आल्या आणि कार्यालयात फोन लावला. "तीन गल्ल्यांचं मी नंतर सांगते. आधी मला एक सांगा, आपलं म्हणणं नक्की काय आहे?" तो माणूस म्हणाला, "जाहीरनामा पाठवतो."

जाहीरनामा चौसष्ट पानांचा निघाला. काकू रोज दुपारी, काम संपल्यावर, दोन पानं वाचतात. अकराव्या पानापर्यंत आल्या आहेत आणि समासात पेन्सिलीने सतरा प्रश्न लिहिले आहेत. काल त्यांनी औषधवाल्यांकडे त्यांच्या पक्षाचाही मागितला. ते म्हणाले, होता कुठेतरी, शोधून देतो.