दोनदा उकळलेली बासुंदी

त्या उन्हाळ्यानंतर आईनं कोणालाच हातानं घास भरवला नाही. भाकरी थापायची, कारण ती विस्तवावर जायची. दहीभात मात्र पळीनंच कालवायची, आणि पळीनं कालवलेला दहीभात कसा लागतो हे मला विचारू नका.

राहू गावातल्या आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाचा पहिला वाढदिवस होता. आईच्या बोटाला नखुर्डं झालेलं, पू धरलेला, वर हळद आणि चिंधी. आदल्या संध्याकाळी बासुंदी उकळून कोमट झाल्यावर तिनं त्याच हातानं खवा कुस्करून घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी वाढण्याआधी ती पुन्हा खळखळून उकळली. ऊन उतरायच्या आत सगळं घर ओकत होतं. आम्ही मोठे निभावलो. आमच्या वडिलांनी, आबांनी, कुणाची तरी जीप आणली. पण दौंडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ आईच्या मांडीवरच गेलं. डॉक्टर नुसतं विषबाधा म्हणाले. कशाची, ते कोणी तपासलं नाही.

"म्या दोनदा उकळली व्हती," आई येईल त्याला सांगायची. कोणी विचारलेलं नसतानाही. मला त्याचा फार राग यायचा.

पुढं मी पुण्यात एका प्रयोगशाळेत लागले. सोन्याचे कण आम्ही इतके बारीक करायचो की त्यांचं पाणी पिवळं नाही, कुंकू कालवल्यासारखं लाल दिसायचं. त्या कणांवर विष ओळखून धरणारी प्रथिनं बसवायची आणि कागदाच्या पट्टीवर दुधाचा थेंब सोडायचा. दुधात विष असलं की काही मिनिटांत लाल रेघ उमटायची. आमची पट्टी ओळखायची ते विष पिकलेल्या जखमेतले जंतू सोडतात.

एकदा साहेबांनी तेच दूध उकळून तपासायला सांगितलं. रेघ फिकट आली, पण आली.

"उकळून जंतू मरतात हो, त्यांचं विष राहतंच," ते सहज म्हणाले आणि चहाला गेले. तेव्हापासून ती रेघ माझा पिच्छा सोडेना. दुधाचं पातेलं उघडलं तरी आत दिसायची.

दिवाळीला घरी गेले. आई चुलीपुढं भाकरीचं पीठ मळत होती. काम काय करतेस म्हणाली, तर पर्समधली पट्टी दाखवली, दुधातलं विष तिच्यावर कसं कळतं ते सांगितलं. हात पुसून तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

"आन् उकळल्यावर जातं ना गं ते ईख?"

खरं सांगितलं असतं, तर विस्तवावरचा तिचा भरवसाच गेला असता. मी खाली बघितलं.

"जातं की."

आईनं पट्टी माझ्या हातात परत ठेवली.

"त्यो डॉक्टर माझ्या बोटाकडंच बघत व्हता," ती म्हणाली. "घरी आल्यावर म्या हेच इचारलं, तर तुझं आबा बी म्हणलं, जातं की. असंच खाली बघून."

तवा तापून धूर निघायला लागला होता. आईनं परात माझ्याकडं सरकवली.

"तू थाप."